मोहाला तोंड देताना : मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. राहायला मिरजेला. जन्मापासून ख्रिस्ती मंडळीतला. शब्बाथ शाळा, दृढीकरण, तरुण संघ, सगळं रीतसर झालेलं. तरी पस्तिशी ओलांडल्यावर मी गल्ल्याला हात घातला. ती हकिगत पुढे येईलच.

दृढीकरणाच्या वर्गात मोहाबद्दल एक रविवार बोलतात. मुलं वचन पाठ करतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, बिस्किटं वाटली जातात. प्रत्यक्ष वेळ आली की हातपाय कसे हलवायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. मला जे उशिरा आणि महागात कळलं ते इथे पायऱ्यांनी लिहितो. मी पाळक नाही, त्यामुळे धर्मशास्त्राचा खोल प्रश्न पडला तर तो त्यांनाच विचारा.

आधी जवळ काय काय हवं

- छापील पवित्र शास्त्र. मोबाइलवरचं वाईट नाही, पण ज्याचा मोह मोबाइलमध्येच आहे त्याने वचन शोधायला मोबाइल उघडणं म्हणजे दारू सोडायला गुत्त्यात बसण्यासारखं.
- शंभर पानी वही. ती घरी कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.
- तीन-चार वचनं, तोंडपाठ.
- एक माणूस. कसा, ते सहाव्या पायरीत.
- जेवणाचा डबा. हसू नका.

1. शब्दाचा घोळ आधी मिटवा

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव.’ माझी लेक चौथीत असताना मार्च महिन्यात ही ओळ डोळे गच्च मिटून, जोर देऊन म्हणायची. तिला वाटायचं, गणिताचा पेपर टळेल.

गंमत सोडा, पण गोंधळ मोठ्यांचाही होतो. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तिथे ‘पेइरास्मॉस’ या एकाच शब्दात दोन अर्थ आहेत : पारखून पाहणं आणि भुलवणं. मराठीत एकाला आपण परीक्षा किंवा कसोटी म्हणतो, दुसऱ्याला मोह. मग माणूस विचारतो, देवच मला मोहात घालतो की काय? याकोबाच्या पत्राने पहिल्याच अध्यायात (1:13) याला साफ नकार दिला आहे : देव कुणालाही मोहात पाडत नाही, जो तो आपल्याच वासनेने ओढला जातो. हा पेच आपल्याकडचाच नाही. इटलीतल्या कॅथलिक मंडळीने 2020 साली उपासनेतल्या याच ओळीचं भाषांतर बदललं. तिथे आता ‘आम्हाला मोहात नेऊ नकोस’ऐवजी ‘मोहाच्या हवाली सोडू नकोस’ अशा अर्थाचे शब्द म्हणतात.

कामापुरतं एवढं धरा : आजारपण, नोकरी जाणं, पुरात घर जाणं ही कसोटी. त्या कसोटीत ‘आता खोटं बोललं तरी चालेल’ असं आतून कुणी कुजबुजतं, तो मोह. बहुधा दोघं एकाच गाडीतून येतात.

*इथला खड्डा :* नवरा मारतो, सासरी छळ होतो, आणि कुणीतरी सांगतं, ‘ही तुझी परीक्षा आहे, सोस.’ हे शास्त्र नव्हे. मार खाणाऱ्या बाईने आधी सुरक्षित जागी जावं, पोलिसांत जावं. प्रार्थना तिथूनही करता येते.

2. मोह झाला म्हणजे पाप झालं असं नाही

नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. मनात घाण विचार आला की वाटतं, संपलं, आपण नापास. आणि नापास झालोच आहोत तर पुढचंही उरकून घेऊ. मोह या दुसऱ्या वाक्यावरच जगतो.

इब्री लोकांस पत्रात (4:15) म्हटलं आहे की येशू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह समोर येणं हेच पाप असतं, तर ते वाक्य लिहिताच आलं नसतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रिअस नावाचा एक संन्यासी राहायचा. त्याने माणसाला छळणाऱ्या विचारांची यादी केली. आठ निघाले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, बढाई आणि गर्व. पुढे पश्चिमेत त्याचीच सात महापापं झाली. त्याचं म्हणणं असं की हे विचार यावेत की नाही हे आपल्या हातात नाही, ते मुक्कामाला राहावेत की नाही हे आहे.

कंटाळा त्या यादीत आहे, हे बघून मला बरं वाटलं होतं. दुपारी तीन वाजता, सौदे उरकल्यावर, दुकानात पंखा फिरतोय आणि काम काही नाही, ती वेळ काय असते हे त्या संन्याशाला माहीत असणार.

3. मोहाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा

आता माझी गोष्ट. जून महिना होता, लेकीची फी भरायची होती, साडेसहा हजार कमी पडत होते. शेठ निजामाबादला गेलेले. गल्ल्याची किल्ली माझ्याकडे, रोखकीर्द माझ्या हातची. शुक्रवारी संध्याकाळी हातशिल्लक मोजताना मी साडेसहा हजार बाजूला काढले. मनात शब्द आला, ‘उचल’. चोरी हा शब्द आला असता तर माझा हात तिथेच थांबला असता. उचल काय, सगळेच घेतात. फरक एवढाच की बाकीचे शेठला विचारून घेतात.

सात तारखेला पगार झाला आणि मी पैसे परत ठेवले. कुणाला कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं, कारण ऑगस्टमध्ये मी पंधरा हजार उचलले. फीसाठी नव्हे, गाडीच्या डाउन पेमेंटसाठी. ते सात तारखेला परत गेले नाहीत, त्याच्या पुढच्या सात तारखेलाही नाहीत. मग शिल्लक जुळेना, म्हणून मी रोखकीर्दीत हमालीच्या नावे खोटी नोंद केली. त्या दिवशी पोती वाहणारे हमाल समोरच बसून तंबाखू मळत होते.

याकोबाच्या त्याच अध्यायात पुढे बाळंतपणाचं चित्र आहे : वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, पाप वाढून पुरं झालं की मरणाला जन्म देतं. जून ते ऑक्टोबर मी ते पोटात वाढवत होतो, आणि दर रविवारी दानाची थैलीही फिरवत होतो.

म्हणून ही पायरी : वहीत मोह लिहायचा तो ज्याचं नुकसान होतं त्याच्या तोंडच्या शब्दात. ‘जरा टाइमपास’ असं न लिहिता ‘बायको झोपल्यावर तिच्यापासून लपवून अमुक पाहिलं’. ‘अ‍ॅडजस्टमेंट’ असं न लिहिता ‘शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीत दोन किलो खाल्ले’. लिहिताना हात जड होतो. तो जड व्हावा म्हणूनच वही.

4. आपला चाळीस फूट कुठे आहे ते शोधा

सांगलीकरांना हे लगेच कळेल. पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी बघतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. 2019 ला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. पण सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोडचा माणूस पूल पंचेचाळीस दाखवेपर्यंत वाट बघत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की तो फ्रिज माळ्यावर चढवायला लागतो. पाणी उंबऱ्याला लागल्यावर फ्रिज उचलता येत नाही.

मोहाचंही गणित हेच आहे आणि मला हे सगळ्यात उशिरा कळलं. आपण सगळी ताकद राखून ठेवतो ती पंचेचाळीस फुटांसाठी. गल्ल्यासमोर उभं राहून ‘प्रभू, मला बळ दे’ म्हणायचं, असं आपल्या डोक्यात असतं. तोवर कोयनेतून पाणी सुटून दोन दिवस झालेले असतात.

म्हणून तीन आठवडे वहीत फक्त नोंदी करा. लढू नका, नुसतं लिहा. कधी मन ओढलं गेलं, किती वाजता, कुठे, त्याआधी काय झालं होतं, पोटात काय होतं, कुणाशी बोलणं झालं होतं. माझ्या पहिल्या वहीत अकरा नोंदी आहेत. त्यातल्या नऊ दुपारी जेवण न झालेल्या दिवशीच्या. सौद्याची गर्दी असली की मी जेवायचो नाही, चहावर चहा. संध्याकाळी शिल्लक मोजायला बसायचो तेव्हा डोकं तापलेलं, मनात एकच सूर : ‘एवढं मर मर मरतो, मला काय मिळतं?’ तो सूर हाच माझा चाळीस फूट. पैसे नंतर येतात.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूकडे येतो तोही चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर, एकटं असताना. पहिली गोष्ट बोलतो ती भाकरीची. त्याला वेळ कळते.

तेव्हापासून मी डबा नेतो. बायको देते ती दोन भाकरी आणि झुणका, आणि दीड वाजता सौदा चालू असला तरी मी बाहेर येऊन खातो. मंडळीत एकाने विचारलं, ‘एवढ्या मोठ्या आत्मिक लढाईला झुणका-भाकरी?’ होय. देवाने खचलेल्या एलीया संदेष्ट्यालाही झुडपाखाली आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, बाकीचं बोलणं नंतर केलं. 1 राजे, एकोणिसावा अध्याय, वाचून बघा.

तुमचा चाळीस फूट वेगळा असेल. कुणाचा पगाराचा दिवस, कुणाचा रात्री अकरानंतरचा मोबाइल, कुणाचा भावकीतल्या लग्नात एका ठरावीक मेहुण्याशेजारी बसणं. वही सांगेल.

5. वचन पाठ करा, पण वाद घालू नका

मत्तयाच्या त्याच चौथ्या अध्यायात येशूने सैतानाला तीन वेळा उत्तर दिलं, आणि तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे’ हे आठव्यातलं. तो भाग इस्राएलाच्या चाळीस वर्षांच्या रानातल्या भटकंतीबद्दल आहे. जिथे ते लोक भुकेपायी कुरकुरले, तिथलीच वचनं येशू भुकेला असताना उच्चारतो. म्हणजे त्याने फळीवरचं कुठलंही वचन उचललं नाही, आपल्या प्रसंगाचं वचन त्याच्या तोंडी होतं.

तुम्हीही तसंच करा. मोह पैशाचा असेल तर पैशाबद्दलचं वचन, रागाचा असेल तर रागाबद्दलचं. तीन पुरेत. मी इफिसकरांस पत्र 4:28 घेतलं : चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, उलट स्वतःच्या हातांनी श्रम करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल. उत्तरार्ध मला जास्त लागला. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे.

आणि उत्तरं किती छोटी आहेत तेही बघा. येशू चर्चा करत नाही. एदेन बागेत हव्वेने सर्पाशी चर्चा केली, ‘देवाने खरंच असं म्हटलं का?’ या प्रश्नाला उत्तर देत बसली. मोहाशी बोलणं म्हणजे दारात आलेल्या लोन एजंटला आत घेऊन चहा देणं. सही करूनच उठतो तो.

*इथला खड्डा :* सैतानालाही वचनं पाठ आहेत. मंदिराच्या शिखरावर त्याने स्तोत्र 91 म्हणून दाखवलं. आपणही तेच करतो. ‘देव क्षमाशील आहे’ हे खरंच आहे, पण ते पाप करण्याच्या पाच मिनिटं आधी आठवलं, तर कोण आठवण करून देतोय ते तपासा.

गाण्याचाही उपयोग होतो. नारायण वामन टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षं इथे जवळच, साताऱ्यात काढली. 1919 साली ते गेले. त्यांची भजनं आपल्या उपासनेत म्हणतातच. वडापच्या जीपमध्ये कोंबून मिरजेला येताना एखादं मनात म्हणायला जागाही लागत नाही.

6. एका माणसाला सांगा

सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या संताने लिहून ठेवलं आहे की मोहात पाडणारा एखाद्या लबाड प्रियकरासारखा असतो : गोष्ट गुप्त राहावी एवढंच त्याला हवं असतं. मुलीने बापाला सांगितलं की त्याचा डाव संपला.

माणूस कसा निवडायचा? तुमच्यापेक्षा वयाने मोठा, तुमच्याकडून काही नको असलेला, आणि ज्याच्या तोंडून तुम्ही दुसऱ्या कुणाची भानगड कधी ऐकलेली नाही असा. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्याचं काय झालंय माहितीय का’ असं म्हणणाऱ्याला चुकूनही सांगू नका. घरगुती प्रार्थनेत उभं राहून सगळ्यांदेखत तर पहिल्याच वेळी नकोच. बाईने बाईला सांगावं, पुरुषाने शक्यतो पुरुषाला. मी हा नियम मोडला, पण त्या सत्तरी उलटलेल्या होत्या.

मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी 1894 साली मिरजेत दवाखाना सुरू केला, तेव्हापासून आमच्या मंडळीत नर्सबायांची परंपराच आहे. त्यातल्याच एक निवृत्त सिस्टर. ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत.

‘पंधरा हजार. अजून काही?’

‘हमालीची खोटी नोंद.’

‘बरं. मग सांगितलंस?’

‘तुम्हाला सांगितलं की.’

‘मी काय तुझी शेठ आहे?’

मग त्यांनी प्रार्थना केली, दोन मिनिटांची. आणि आतून चष्मा आणून कॅलेंडर बघितलं. ‘सोमवारी सांग. मंगळवारी मी फोन करून विचारणार.’ उपदेश एकही नाही. असा माणूस शोधा.

*सावध :* दारू, गुटखा, पैशांचा जुगार यांची सवय लागलेली असेल तर एवढ्यावर भागणार नाही. तो आजारही आहे. डॉक्टरकडे जा, व्यसनमुक्तीच्या गटात जा. आणि रोजची दारू अचानक बंद केली तर शरीर बिघडतं, फिट येऊ शकते. डॉक्टरला विचारल्याशिवाय ते करू नका. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं सांगणारे भेटतील. त्यांना सलाम करून पुढे जा.

7. लढण्यापेक्षा पळणं जास्त वेळा बरोबर असतं

योसेफ त्याला भुलवू पाहणाऱ्या पोटीफरच्या बायकोसमोर प्रवचन देत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. 1 करिंथ 10:13 मध्ये वचन आहे की देव मोहाबरोबर त्यातून निभावण्याचा मार्गही ठेवतो. तो मार्ग पुष्कळदा साधं दार असतं. उठा आणि बाहेर जा. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. शिल्लक दोघांनी मिळून मोजा.

पण ही गोष्ट कुणाला सांगणार असाल तर पूर्ण सांगा. योसेफ पळाला आणि तुरुंगात गेला. चांगलं वागलं की लगेच चांगलं होतं, असं शास्त्र म्हणत नाही.

8. पडलात तर

त्याच दिवशी सांगा. देवाला, मग तुमच्या माणसाला, मग ज्याचं नुकसान केलं त्याला. पहिलं करून तिसरं टाळायची फार सवय असते आपल्याला, कारण देव ओरडत नाही. जकातदार जक्कयाने येशूसमोर चौपट परत करीन म्हटलं होतं, नुसती क्षमा मागितली नव्हती.

पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, कोंबडा आरवल्यावर रडला आणि तरी परत आला. त्याच रात्री गेथशेमानेत त्याला सांगितलेलं होतं, ‘जागृत राहा व प्रार्थना करा’, आणि तो झोपला होता. चाळीस फूट चुकला, दुसरं काय.

मी सोमवारी शेठना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, दोघांचा. चहा संपल्यावर म्हणाले, ‘किल्ली द्या.’ पोलिसांत दिलं नाही, काढूनही टाकलं नाही. दर महिन्याला पगारातून कापून घेतले. याला तीन वर्षं झाली. किल्ली अजून माझ्याकडे नाही, आणि मी मागितलेलीही नाही.

9. चाळीस दिवस संपले म्हणून सुटलो असं नाही

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, मधले रविवार वगळून चाळीस दिवस आपण पाळतो. मटण बंद, चहा बंद, कुणाची मालिका बंद. सुरुवात करायला काळ चांगला आहे, मंडळीही सोबत असते. पण लूक आपल्या चौथ्या अध्यायात या हकिगतीच्या शेवटी लिहितो की सैतान संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला. संधी मिळेपर्यंत. म्हणून वही पुनरुत्थान रविवारी बंद करू नका. महिन्यातून एकदा मागची पानं चाळा, पातळी कुठे कुठे वाढली ते बघा. पुढचा धोक्याचा महिना आधी ओळखता येतो.

माझा जून. यंदा लेक अकरावीला जाणार, म्हणजे खर्च मोठा. एप्रिलमध्येच शेठकडे गेलो आणि म्हटलं, उचल पाहिजे. त्यांनी किती ते विचारलं, ड्रॉवरमधून मोजून दिले आणि रोखकीर्द माझ्याकडे सरकवली. नोंद मला करायला लावली : तारीख, उचल खाते, वीस हजार, माझं पूर्ण नाव. खाली त्यांनी सही केली.